मदत हवी आहे : बाबांना डोळ्यांनी बोलता येईल असं काही कुणी वापरलंय का?

नमस्कार मंडळी. आम्ही कोल्हापूरला राजारामपुरीत राहतो. बाबांना एएलएस आहे, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा मज्जातंतूंचा आजार. हातपाय गेले, आवाजही गेला; डोकं मात्र लख्ख आहे. आईने पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहिलीत. ती बोट फिरवते, हवं ते अक्षर आलं की बाबा पापणी मिटतात. काल 'उशी' एवढा शब्द यायला पाच मिनिटं गेली, तोवर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मेंदूत इलेक्ट्रोड बसवून बोलण्याच्या प्रयत्नाचे संकेत पकडतात आणि संगणक त्यांचे शब्द करतो, हे वाचलंय. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चाचणीत एएलएसच्या रुग्णाचा वेग मिनिटाला ६२ शब्दांपर्यंत गेला. पण ते इंग्रजीत, शस्त्रक्रिया करून, चाचणीपुरतं. तेवढी वाट बघायला आमच्याकडे वेळ नाही. म्हणून नजरेवर चालणारा कीबोर्ड शोधतोय.

कोल्हापूर, सांगली, पुण्यात कुणी वापरलाय का? मराठी जोडाक्षरं नीट उमटतात का? पेशंट आडवा असताना, चष्म्यातून चालतो का? विकत घेण्याआधी आठवडाभर घरी वापरून बघायला कुठे मिळेल? हे शिकवणारे स्पीच थेरपिस्ट माहीत असतील तर कृपया सांगा. नातीची यंदा दहावी आहे, बाबांना तिच्याशी बोलायचंय.