लातूरहून पुण्याला कीबोर्ड मीटअप: बोर्ड न्यावा कसा?

लातूरकर_टकटक:
रविवारी पुण्यात मेकॅनिकल कीबोर्डवाल्यांचा (प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असतो ते) मेळा आहे. शनिवारी रात्री रेल्वेने निघतोय. बोर्ड ॲल्युमिनियमचा, दोन किलोच्या आसपास. कीकॅप (कळांवरच्या टोप्या) देवनागरी, इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कळरचनेच्या. आई म्हणते, "वाकळीत गुंडाळ अन् उशाशी ठेव." अजून काय करावं?

नांदेडचा_लिनियर:
आईचं ऐक बाबा, लई बरोबर सांगायल्या. फक्त आधी कीकॅपवर पातळ फोमचा तुकडा टाक, नाहीतर एस्केपसारख्या कोपऱ्यातल्या कळा दबून राहतात. केबल काढून वेगळी ठेव. बोर्ड हॉट-स्वॅप, म्हणजे सोल्डर न करता स्विच बदलता येणारा, असला तरी स्विच घरीच उपसून नेऊ नको. घाईत परत बसवताना पिना वाकतात, अन् मेळ्यात चिमटा कुणाकडं मागत बसणार?

परभणी_क्लिकी:
दुसऱ्याच्या बोर्डाला विचारल्याशिवाय हात लावू नको. वडापाव खाऊन तर नाहीच! मागं नावाची चिठ्ठी चिकटव, काळे बोर्ड सगळे सारखेच दिसतात.
बाकी इन्स्क्रिप्ट नक्की ने. डावीकडं स्वर, उजवीकडं बहुतेक व्यंजनं, 'क' इंग्रजी 'के'च्या कळीवर. हे दाखवलंस की गर्दी तुझ्याच टेबलाशी. त्या कॅप मिळाल्या कुठं पण?

लातूरकर_टकटक:
कोऱ्या कॅपवर गावातल्या ट्रॉफीवाल्याकडून लेझरनं कोरून घेतल्या. 'ज्ञ' जरा बसका आलाय, चालतंय. स्विच क्लिकी, म्हणजे टकटक आवाज करणारे आहेत; बोर्ड गाडीत काढून टाइप करू का?

नांदेडचा_लिनियर:
रात्री स्लीपरमध्ये? मार खाशील.