श्रुतलेखनातल्या वेलांटी-उकारांसाठी हाताने करायचं काय घ्यावं?

पाटीपेन्सिल: सहा-सात वर्षांची मुलं आहेत. वाचताना अडत नाहीत, पण श्रुतलेखनात ‘दिवस’चं ‘दविस’ होतं, ‘पाणी’चं ‘पाणि’, ‘फुलात’चं ‘फूलात’. दहादा लिहून घेऊनही फरक नाही. वाळू, माती, अक्षरपट्ट्या यांतलं काय चालतं?

खडूफळा: सगळ्या चुकांना एकच औषध लावू नका. ‘दविस’ लिहिणारं मूल बरोबर ऐकतंय. पहिली वेलांटी उच्चारात ‘द’च्या नंतर येते, म्हणून ते ती ‘द’च्या नंतर काढतं आणि ती ‘व’ला लागते. यावर सुट्या पट्ट्या उत्तम. व्यंजनं ५ सेंमीच्या पुठ्ठ्यांवर, वेलांट्या-उकार पारदर्शक प्लास्टिकवर लाल रंगात. मुलाने आधी ‘द’ ठेवायचा, मग ‘इ’ म्हणत वेलांटी त्यावर चढवायची, मग सलग ‘दि’ म्हणायचं. पहिल्या वेलांटीचं प्लास्टिक डावीकडे दीड सेंमी जास्त ठेवा, नाहीतर दांडा अक्षरावरच बसतो.

ऱ्हस्वदीर्घ: ‘पाणि’ मात्र कानाने सुटत नाही; बोलताना शेवटचा इकार आपण कसाही म्हणतो. त्यामुळे ‘दीर्घ असेल तर हात लांब कर’ हा खेळ इथे फसवा. शब्दाची घरं आखा, शेवटचं घर रंगवा, तिथे दुसरीच वेलांटी, दुसराच उकार. ‘आणि’, ‘परंतु’ वेगळे शिकवा.

‘फूलात’साठी झडपेचं कार्ड करा. खाली ‘फूल’, वरच्या झडपेवर ‘फुला’, शेजारी ला, त, ने, चा या चिठ्ठ्या. चिठ्ठी लावायची तर झडप पाडावीच लागते. मूल-मुला, तीळ-तिळा असेच. ‘गीत’, ‘रूप’ सुरुवातीला नकोत. तत्सम शब्दांत दीर्घ टिकतो (गीतात, रूपाला), मुलं गोंधळतात.

पाटीपेन्सिल: आणि वाळू? खरखरीत कागदाची अक्षरं?

गिरवणी: गडद तळाचा ट्रे, बारीक कोरडी वाळू, थर जेमतेम अर्धा सेंमी. जाड थरात रेघ ढासळते, तळही दिसत नाही. पॉलिश पेपर १२० नंबरचा घ्या, ६०चा बोटांना टोचतो. मागून आखणार असाल तर अक्षर उलटं काढा, नाहीतर कापल्यावर आरशातलं हाती येतं. तर्जनी आणि मधलं बोट जोडून, मोठ्याने उच्चारतच गिरवायचं. मुकाट गिरवलं की ती नुसती चित्रकला. मातीत अर्धा वेळ वळ्या करण्यातच जातो, मी ती वगळते. एका वेळी चारच शब्द, आणि प्रत्येक शब्द गिरवून झाला की लगेच झाकून वहीत लिहायला लावा. ही शेवटची पायरी गाळली तर शब्द ट्रेमध्ये बरोबर येतो आणि वहीत पुन्हा ‘दविस’.