मदत हवी आहे: रूपक लावला की व्होल्का कीज समेवर येत नाही

खर्जातला_सा
व्होल्का बीट्सवर (कॉर्गचं छोटं ठेक्याचं यंत्र) सात मात्रांचा रूपक बसवला आहे, व्होल्का कीजवर (त्याच जातीचा छोटा सिंथ) एक छोटी सुरावट. दोन्ही एका वेगाने चालावीत म्हणून सिंकची तार लावली आहे. पहिलं आवर्तन बरोबर वाजतं, पुढे कीज समेवर येतच नाही. तार बदलून पाहिली, सेल बदलले. शनिवारी वाजवायचं आहे. काय चुकतंय?

सहा_सेल
सेल कुठले? रिचार्जेबल असतील तर प्रत्येकी १.२ व्होल्ट, सहांचे मिळून ७.२. साध्या अल्कलाइनचे ९ होतात. कार्यक्रमाला ९ व्होल्टचा अडॅप्टरच न्या, आणि पिनचा मधला भाग प्लस आहे ना ते बघून घ्या. उलट्या पिनचा लावू नका.

खर्जातला_सा
सेल नवे आहेत हो. आवाज व्यवस्थित येतोय. प्रश्न समेचा आहे.

मात्रामोजणी
तार बीट्सच्या सिंक आउटमधून कीजच्या सिंक इनमध्येच आहे ना? कीजवर फ्लक्स चालू आहे का? तो चालू असला की बोट जसं पडलं तसं रेकॉर्ड होतं, स्टेपला (पॅटर्नच्या १६ घरांपैकी एकाला) चिकटत नाही. बीट्सवर स्टटर (ठोका पुन्हापुन्हा वाजवणारा इफेक्ट) पूर्ण खाली आहे? आणि मुख्य म्हणजे, कीज हळूहळू घसरतो की दर आवर्तनाला ठरावीक अंतराने? काही वेळाने आपोआप परत जुळतो का?

पाचपिनी
सिंकच्या तारेच्या नादी लागूच नका. मिडी (वाद्यांनी एकमेकांना संदेश द्यायची पद्धत) वापरा. पाच पिनांची एक तार, की काम झालं.

मात्रामोजणी
@पाचपिनी, या दोन्ही यंत्रांना मिडी इन आहे, आउट नाही. म्हणजे क्लॉक (वेगाचे ठोके) द्यायला तिसरं यंत्र हवं आणि ते दोघांत वाटायची सोय हवी. शनिवारच्या आत कशाला हा खटाटोप?

पाचपिनी
मिडीत स्टार्ट-स्टॉपचा संदेश जातो, सिंकच्या तारेतून नुसते ठोके जातात. स्टेजवर मध्येच थांबून परत सुरू करायचं असेल तर तेव्हा कळेल फरक.

खर्जातला_सा
तार बरोबर आहे, फ्लक्स बंद, स्टटर शून्यावर. मोजून पाहिलं. दर आवर्तनाला कीज बरोबर एक मात्रा मागे पडतो आणि आठ आवर्तनं झाली की नवव्याच्या समेवर परत एकत्र येतो. मात्रेला दोन स्टेप धरल्या आहेत, म्हणून बीट्सवर १५ आणि १६ या स्टेप बंद केल्या आहेत, अर्थातच.

मात्रामोजणी
आणि कीजवर?

खर्जातला_सा
कीजवर कशाला? सिंक आहे ना?

मात्रामोजणी
तिथेच अडलंय. सिंक फक्त वेग देतो. पॅटर्न किती लांब, हे प्रत्येक यंत्र आपलं आपण ठरवतं. बीट्स १४ स्टेपला फिरतो, कीज १६ ला. १४ आणि १६ चा लसावि ११२, म्हणजे रूपकाची ८ आवर्तनं आणि कीजच्या ७ फेऱ्या. म्हणून नवव्याला जुळतं.

कीजवरही अ‍ॅक्टिव्ह स्टेप (कुठल्या स्टेप चालू ते ठरवायची सोय) उघडून १५ आणि १६ बंद करा. सुरावट १४ स्टेपमध्ये नीट बसवा, शेवटच्या दोन स्टेपवरचे सूर आता वाजणार नाहीत. मग दोन्ही थांबवून आधी कीजवर प्ले, नंतर बीट्सवर. कीजवर टेम्पो १/१ वर आहे हेही बघा, १/२ वर असला तर त्याचं एक आवर्तन होईपर्यंत बीट्सची दोन होतील.

मात्रेला एकच स्टेप ठेवून सातवर आणायचा मोह टाळा. सिंकचा ठोका दर दोन स्टेपना एकदा जातो. सात विषम, मग एकाआड एक सम दोन ठोक्यांच्या मध्ये पडेल.

बाया_आणि_किक
मात्रा स्टेप १, ३, ५, ७, ९, ११, १३ वर. किक (जाड, घुमणारा ठोका) कुठे ठेवलाय? पहिलीवर असेल तर काढा. तिं तिं ना, धिं ना, धिं ना. रूपकात समेलाच ‘खाली’ येते, तिथे बायाची (तबल्याच्या डाव्याची) घुमक नाही. किक ७ आणि ११ वर, ना साठी ५, ९ आणि १३ वर क्लेव्हज (लाकडी टकटक). १ आणि ३ वर नुसती बंद हाय-हॅट (झांजेची छोटी टिक).

पाचपिनी
स्पीकरवर ऐकणाऱ्याला सम कळायला नको का? पहिलीवर किक हवाच. नाहीतर लोक सातवीला सम धरतील.

बाया_आणि_किक
सातव्या स्टेपला, म्हणजे चौथ्या मात्रेला म्हणा. सम दाखवायची तर कीजच्या सुरावटीने दाखवा, षड्ज पहिल्या स्टेपवर आणा. किक टाकलात की तो रूपक राहत नाही, सातचा कुठलाही ठेका होतो.

खर्जातला_सा
जुळलं! दहा मिनिटं सलग चाललं. आता लय ९० मात्रांची हवी आहे, ९० लावलं तर दुप्पट पळतंय.

मात्रामोजणी
यंत्राचा एक बीट म्हणजे ४ स्टेप, तुमच्या २ मात्रा. ९० साठी ४५ लावा. नेहमीच्या सेटिंगला टेम्पो ५६ ते २४० एवढाच जातो, तेव्हा बीट्स फंक (FUNC) बटण धरून चालू करा आणि सेटिंग्जमध्ये टेम्पोची रेंज फुल करा, मग १० ते ६०० मिळतो. कुठलं स्टेप बटण ते सोबतच्या घडीपत्रकात आहे. कीजवर काही करू नका, तो ठोक्यावर चालतो.

झपझप
याच जोडीवर झपताल होईल का? १० मात्रा.

मात्रामोजणी
मात्रेला दोन धरल्या तर २० स्टेप लागतात, १६ त मावत नाहीत. एक स्टेप एक मात्रा, ११ ते १६ दोन्हीकडे बंद. दहा सम, त्यामुळे ठोक्याची अडचण नाही. पण मग ९० मात्रांना टेम्पो २२ किंवा २३ लावावा लागेल, आणि मात्रेच्या मध्ये बोल घालायला जागा उरणार नाही.