मोठं काचेचं दार आणि आखडतं बजेट: पैसे काचेत घालायचे की उघडण्यात?

ओसरी
घराचं काम जोत्यापर्यंत आलंय. बैठकीच्या खोलीची मागची भिंत जवळजवळ पूर्ण काचेची करायची, हे पक्कं आहे. ४ मीटर रुंद, २.१ मीटर उंच. वाद आहे तो दाराच्या प्रकारावर. घरात बाकी सगळ्यांना घडीचं दार हवंय, पंख्यासारखं मिटून एका बाजूला जाणारं. मला ते पैसे वाया घालवणं वाटतं.

माझं म्हणणं असं: २.४ मीटरचं तयार मापाचं सरकतं दार घ्यावं आणि उरलेल्या १.६ मीटरला पक्की, न उघडणारी काच बसवावी. पक्क्या काचेला चाकं नाहीत, बिजागऱ्या नाहीत, कुलूप नाही. चौरस मीटरमागे सर्वांत स्वस्त तीच पडते, आणि पावसावाऱ्याला सर्वांत घट्टही तीच. वाचलेल्या पैशांत दुहेरी काच, म्हणजे मधे बंद पोकळी असलेल्या दोन काचा, येईल. लिंटेल, म्हणजे दाराच्या वरची तुळई, अजून पडायचंय, म्हणजे माप बदलता येईल. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

मोकळा वारा
पूर्ण असहमत. २.४ मीटरच्या दोन झडपांच्या सरकत्या दारात एक झडप दुसरीमागे जाते, म्हणजे उघडतं जेमतेम १.२ मीटर, चौकट धरली तर त्याहूनही कमी. ४ मीटरच्या भिंतीत एक माणूस जाईल एवढीच वाट! घडीचं दार उघडलं की जवळजवळ ९० टक्के रुंदी मोकळी होते, आत-बाहेर हा भेदच राहत नाही. आमच्याकडे असं दार आहे आणि घरातली सगळ्यांची आवडती जागा तीच आहे. तुम्ही दाराच्या नावाखाली मोठी खिडकी घेताय.

ओसरी
उघडं असताना तुमचं बरोबर आहे. पण दार बंद असतं त्या वेळेचं काय? ४ मीटरमध्ये घडीच्या पाच झडपा येतात, म्हणजे दर ८० सेंटीमीटरवर सांधा, आणि प्रत्येक सांध्यात दोन उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी. बाहेरचं दृश्य पाहायला काच घ्यायची आणि मग ते पट्ट्यांआडून पाहायचं, हे मला पटत नाही.

ओळंबा
बांधकामावर देखरेख करतो, म्हणून लिहितो. दोघांचीही चर्चा झडपांवर चाललीय आणि वरची तुळई कोणाच्याच लक्षात नाही.

१ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला २.५ किलो. दुहेरी काच ६ अधिक ६ मिलिमीटरची धरली तर चौरस मीटरला ३० किलो. तुमची भिंत ८.४ चौरस मीटरची, म्हणजे नुसती काचच २५० किलोच्या वर, चौकटी वेगळ्या. सरकत्या दाराचं वजन बहुतेक वेळा खालच्या रुळावर येतं. घडीची बरीच दारं वरून टांगलेली असतात, ते सगळं तुळईवर. तुळईचा वाक गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराच्या, ३६०व्या भागापर्यंत चालतो असा एक रूढ हिशेब आहे. ४ मीटरला तो ११ मिलिमीटर होतो. इमारतीला ११ मिलिमीटरने काही होत नाही, दार मात्र अडकतं. म्हणून घडीचं हवं असेल तर तुळई त्याच्यासाठी मुद्दाम ताठ करावी लागते, आणि तो खर्च दाराच्या कोटेशनमध्ये दिसत नाही.

सरकत्यालाही माफी नाही. एका कामावर चौकटीच्या वरची फट गवंड्याने मसाला ठासून भरली. वरच्या मजल्याचं वजन आल्यावर तुळई किंचित वाकली आणि झडप दोन माणसांनाही हलेना. चौकट पुन्हा काढून बसवावी लागली. वर फट ठेवा, ती फोम आणि सिलिकॉनने भरा, सिमेंटने नाही.

काचकाम
ओसरी, दुहेरी काच म्हणजे सगळ्यावर उपाय, असं धरून चालू नका. ती भिंत कुठल्या दिशेला आहे हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि माझ्या मते पहिला प्रश्न तोच.

काचेतून उष्णता जाण्याचा यू-आकडा (जितका कमी तितकी उष्णता कमी जाते) एकेरी काचेला साधारण ५.७, साध्या दुहेरीला २.७ ते २.८, आणि लो-ई (उष्णता परतवणारा पातळ) लेप व मधे आर्गॉन वायू असलेल्या दुहेरीला १.१ ते १.२. थंडी अडवायला हा फरक प्रचंड आहे. पण थेट ऊन साधी दुहेरी काच फारसं अडवत नाही. भिंत पश्चिमेला असेल तर सूर्य इतका खाली असतो की छज्जाही उपयोगी पडत नाही. तिथे ऊन परतवणारा लेप हवा, नुसती जाडी नाही.

आणि एका गोष्टीत काटकसर नको: जमिनीपर्यंतची काच टफन्ड किंवा लॅमिनेटेडच हवी. टफन्ड फुटली तर बारीक बोथट तुकडे होतात, लॅमिनेटेड फुटूनही फिल्मला चिकटून जागेवर राहते. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. मापात चूक म्हणजे नवी काच.

जुनं ते चालतं
स्वस्तच हवं असेल तर चुकीच्या मापामुळे पडून राहिलेली नवी दारं किंवा घर पाडताना निघालेली दारं शोधा. दार आधी घ्या, भिंतीतलं भगदाड त्याच्या मापाने ठेवा. आमचं असंच केलं, उत्तम चाललंय.

काचकाम
पडून राहिलेलं नवं असेल तर मान्य. पाडकामातलं नको. जुन्या दुहेरी काचेची कडेची सील गेली की आत बाष्प धरतं, आणि ते पुसता येत नाही. शिवाय त्या चाकांचा जोड मिळेल याची खात्री नाही.

मोकळा वारा
ओळंबा यांचा तुळईचा मुद्दा मान्य, आमच्याकडे पोलादी तुळई टाकली होती. पण मग तीन रुळांचं सरकतं का नको? तीन झडपा, दोन सरकून तिसरीमागे जातात. ४ मीटरमध्ये सुमारे २.६ मीटर मोकळं होईल आणि वजनही खालीच राहील.

ओसरी
भिंत पश्चिमेलाच आहे. त्यामुळे काचेबद्दलचं माझं मत बदलतोय: लेपाची काच घेतो. घडीचं दार अजूनही नाही. तीन रुळांच्या दाराचं कोटेशन मागवतो, पण पक्की काच सोडायला मन तयार नाही. चौकट यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, घ्यावी का?

ओळंबा
४ मीटरच्या चौकटीला मी अॅल्युमिनियम घेईन. तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर यूपीव्हीसी एवढ्या लांबीत ८ मिलिमीटरच्या आसपास वाढतं, अॅल्युमिनियम ३ मिलिमीटरहून कमी.

काचकाम
आणि अॅल्युमिनियम यूपीव्हीसीच्या सुमारे हजारपट उष्णता वाहतं, हे का नाही सांगत? आत उष्णता अडवणारी पॉलिअमाइड प्लास्टिकची पट्टी (थर्मल ब्रेक) नसेल तर काचेवर घातलेला पैसा चौकटीतून निघून जाईल. यूपीव्हीसीत आतून पोलादी पट्टी आणि रंग फिकट, एवढं पाळलं तर २.४ मीटरला मला तेच पुरेसं वाटतं.

ओळंबा
२.४ ला ठीक, ४ ला नाही. माझं मत तेच. आणि तीन रुळ घेतले तर उंबरा रुंद होतो, पाणीही जास्त साचतं. निचऱ्याची भोकं बाहेरच्या फरशीच्या वर राहतील ना, ते फरशीची पातळी ठरवण्याआधी बघा.