प्रतिसाद: देवळाली संख्या आणि पाया

गणितज्ञ कापरेकरांच्या देवळाली संख्यांची गंमत फक्त दशमान पद्धतीतच (पाया १०, म्हणजे ० ते ९ असे दहा अंक) आहे, हे मत मला पटत नाही. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची (२१ + २ + १ = २४); अशा रीतीने जी कधीच मिळत नाही, ती देवळाली संख्या. दशमानात १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२... द्विमानात (पाया २, अंक फक्त ० आणि १) अंकांची बेरीज केली, तर हीच यादी, नेहमीच्या दशमान अंकांत लिहून, १, ४, ६, १३, १५, १८... अशी वेडीवाकडी होते!

पण खरी मजा विषम पायात आहे. पाया ३ घ्या, म्हणजे अंक फक्त ०, १, २ आणि स्थानांच्या किमती १, ३, ९, २७... ३ चा कुठलाही घात विषमच, त्याने गुणून अंकाचं सम-विषमपण बदलत नाही, म्हणून संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज दोन्ही सम किंवा दोन्ही विषम. त्या दोन्ही मिळवल्या की उत्तर कायम सम, विषम संख्या कधीच मिळत नाही. म्हणजे तिथे झाडून सगळ्या विषम संख्या देवळाली! पाया ५, ७, ९ मध्येही तेच. सिद्धता शाळकरी मुलालाही समजेल इतकी सोपी, म्हणून मला ती फार आवडते.