मदत हवी आहे: धावपट्टीला टॉवर नाही, मी उतरायला फायनलला वळलो आणि डोक्यावरून दुसरं विमान गेलं

दांडियाबाजारकर:
घर बडोद्याला, पायलटचं ट्रेनिंग गुजरातमधल्याच एका छोट्या धावपट्टीवर. काल बेसवरून (धावपट्टीच्या रेषेला काटकोनातला टप्पा) फायनलला (धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा) वळलो तर एक ट्विन (दोन इंजिनांचं विमान) अगदी डोक्यावरून पुढे गेलं. मी उतरणं सोडून गो-अराउंड केलं. माझे सगळे रेडिओ कॉल झाले होते, त्याचा एकही ऐकू आला नाही. सोमवारी पुन्हा सोलो (एकट्याने उड्डाण) आहे. असं परत होऊ नये म्हणून नेमकं काय करू? इन्स्ट्रक्टरशी बोलणारच आहे, ते सांगू नका. लवकर लिहा, रात्रभर झोप लागलेली नाही.

निवृत्त_नियंत्रक:
बाळा, सुखरूप आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. आता विचारतो ते सांग. कुठल्या दिशेला उतरत होतास? सर्किट (धावपट्टीभोवतीचा फेरा) डावं की उजवं? किती वाजले होते? विमान कुठलं? यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस.

कारेलीबाग_मामा:
पोरं एकटी उडतात तिथे टॉवर नको? आधी टॉवर बांधा, मग शाळा काढा. बाकी सगळी मलमपट्टी.

सयाजीगंज_सीपीएल:
चूक त्या ट्विनवाल्याची. सर्किटमध्ये विमान असताना स्ट्रेट-इन (फेरा न घालता थेट फायनलला) यायचंच नाही. वरून यायचं, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) बघायचा, डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेचा टप्पा) सामील व्हायचं. मी दोनशे तास असेच केले.

ढगातला_पुणेकर:
@सयाजीगंज_सीपीएल, नियम नीट वाचा. मार्ग एकमेकांना छेदत असतील तर ज्याच्या उजवीकडे दुसरं विमान आहे त्याने वाट द्यायची. डाव्या बेसवरच्याला फायनलचं विमान उजवीकडेच असतं.

सयाजीगंज_सीपीएल:
आणि उतरताना खालच्याला आधी वाट, हे विसरलात? खाली हाच होता.

ढगातला_पुणेकर:
त्याच नियमात पुढे लिहिलंय की त्या हक्काचा फायदा घेऊन उतरत्या विमानाच्या पुढे घुसायचं नाही. अर्धा नियम सांगू नका.

दांडियाबाजारकर:
काका, धावपट्टी २७ वर उतरत होतो. डावं सर्किट. सकाळचे साडेसात. सेसना १५२, एकटाच, तिसरा सोलो. नियमाचं भांडण नको हो, मला सोमवारचं सांगा.

निवृत्त_नियंत्रक:
साडेसात! हे आधी सांगायला हवं होतंस. २७ म्हणजे २७० अंश, तोंड पश्चिमेला. डाव्या सर्किटात बेसवर तुझं नाक उत्तरेला, आणि सरळ येणारा पूर्वेकडून, तुझ्या उजव्या खांद्यामागून उगवत्या सूर्यातून. शिवाय सेसनाचे पंख वर, त्यामुळे वरचं दिसत नाही. ट्विनचे पंख खाली असतील, म्हणजे त्याला खालचं दिसत नाही. तो वरून उतरतोय, तू खाली. दोघं एकमेकांच्या आंधळ्या जागेत.
बेसला वळायच्या आधी फायनलची सगळी वाट बघ, धावपट्टीच्या टोकापासून पार मागे क्षितिजापर्यंत. फायनलला वळायच्या आधी पुन्हा एकदा, उजवीकडे मान पूर्ण वळवून. सूर्य असेल तर हात आडवा धर. लँडिंग लाइट दिवसाही चालू.

उड्डाण_आई:
माझ्या मुलालाही पायलट व्हायचंय, पण चष्मा आहे. मेडिकल होतं का?

सयाजीगंज_सीपीएल:
होतं ताई, चष्म्याने दृष्टी पुरेशी येत असेल तर क्लास वनही (व्यावसायिक पायलटचं मेडिकल) मिळतं. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

ढगातला_पुणेकर:
एक गोष्ट कोणीच विचारली नाही. ट्विन डोक्यावरून गेलं आणि तू गो-अराउंड केलंस म्हणतोस. सरळ वर चढलास?

दांडियाबाजारकर:
थ्रॉटल पूर्ण उघडला, पण आधी उजवीकडे सरकलो आणि ते दिसेपर्यंत खालीच राहिलो. तसंच शिकवलंय.

ढगातला_पुणेकर:
मग शिकवणाऱ्याचे आणि तुझे दोघांचेही आभार. सरळ चढला असतास तर खालून त्याच्या पोटात गेला असतास.

कारेलीबाग_मामा:
पण टॉवर असता तर हे झालंच नसतं, हे कोणी बोलत नाही.

निवृत्त_नियंत्रक:
मामा, मी आयुष्य टॉवरमध्ये काढलं, टॉवर हवाच. पण २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफे बेटावर टॉवर होता आणि तरी दोन बोइंग ७४७ धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. धुकं होतं, शिवाय नेमक्या क्षणी दोन कॉल एकत्र आले आणि कॉकपिटमध्ये शब्दांच्या जागी शिट्टी ऐकू आली. रेडिओचा हा दोष टॉवरने जात नाही.
यावरून आठवलं. दांडियाबाजारकर, तू बोलायचं बटण दाबलेलं असताना तुला दुसऱ्या कुणाचंच ऐकू येत नाही. काल जमिनीवर रेडिओ ऐकणारं कोणी होतं का? त्याला विचार.

क्रॉसविंड_ग्वाल्हेर:
टॉवर नसलेल्या विमानतळाचंच उदाहरण देतो. अमेरिकेत इलिनॉयमधलं क्विन्सी, १९ नोव्हेंबर १९९६. बीचक्राफ्ट १९०० हे प्रवासी विमान १३ वर उतरत होतं आणि छेदणाऱ्या ०४ वरून एक किंग एअर उड्डाणाला निघालं. प्रवासी विमानाने विचारलं, धावपट्टीच्या टोकाचं विमान थांबणार आहे का? 'थांबतोय' असं उत्तर आलं, पण ते किंग एअरच्या मागे उभ्या असलेल्या चेरोकी विमानाचं. कॉलचा काही भाग कॉकपिटमधल्या उंचीच्या इशाऱ्याखाली दबला. वैमानिकांना वाटलं, किंग एअर थांबतंय. दोन्ही विमानांतले सगळे १४ जण गेले. तेव्हापासून मी कोणाचंही 'थांबतो' ऐकलं की विचारतो, कोण थांबतंय, कुठल्या धावपट्टीवर.

दांडियाबाजारकर:
काका, विचारून आलो. जमिनीवर आमच्या शाळेचा एक मुलगा रेडिओ ऐकत होता. तो म्हणतो, मी 'डाउनविंड' बोललो तेव्हा मध्येच शिट्टी वाजली, त्याला काहीच कळलं नाही. ट्विनच्या पायलटशीही बोललो. त्याने पाच मैलांवर कॉल दिला होता, मी 'डाउनविंड' बोललो नेमका तेव्हाच. त्यालाही माझं काही ऐकू आलं नाही. त्याला वाटलं, सर्किट रिकामं आहे. बेसचा कॉल मी दिला, पण तो त्याच वेळी दुसऱ्या रेडिओवर हवामान ऐकत होता.

निवृत्त_नियंत्रक:
मिळालं. आता हिशेब कर. ट्विन १२० नॉटने म्हणजे मिनिटाला दोन सागरी मैल. पाच मैलांवर कॉल दिला, दोन मिनिटांनी एका मैलावर. तुला डाउनविंडपासून फायनलला वळायला साधारण तेवढाच वेळ. एकाच जागी पोचणार हे त्या कॉलमध्येच ठरलं होतं, आणि तो कॉल तुम्हा दोघांनाही मिळाला नाही. आवाज नाही म्हणजे विमान नाही, असं कधीच धरू नकोस. बिनरेडिओचं किंवा चुकीच्या फ्रिक्वेन्सीवरचंही कोणी असू शकतं.

सयाजीगंज_सीपीएल:
मग मी माझं वाक्य सुधारतो. स्ट्रेट-इन यायचंच असेल तर दहा मैलांवर कॉल, पुन्हा पाचवर, पुन्हा तीनवर. एक दबला तरी दुसरा पोचतो.

दांडियाबाजारकर:
सोमवारसाठी असं ठरवलंय. बटण दाबण्याआधी दोन सेकंद ऐकणार. डाउनविंडला कोणाचंच उत्तर आलं नाही तर अर्ध्या मिनिटाने पुन्हा बोलणार, जागेचं नाव आणि २७ दोन्ही सांगून. फायनलला कोणी आहे असं कळलं आणि ते दिसत नसेल तर डाउनविंड लांबवणार, बेसला वळणारच नाही. काही सुटलंय का?

निवृत्त_नियंत्रक:
एकच. तो जमिनीवरचा मुलगा. त्याला शिट्टी ऐकू आली आणि तो गप्प बसला, कारण बोलायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शिट्टी आली की त्याने लगेच 'दोन कॉल एकत्र आले, पुन्हा बोला' एवढं म्हणायचं. त्याला आणि इन्स्ट्रक्टरना आजच सांग, सोमवारपर्यंत थांबू नकोस.

दांडियाबाजारकर:
आत्ताच फोन केला. इन्स्ट्रक्टर हो म्हणाले. रेडिओशेजारच्या भिंतीवर ते वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय, त्या मुलाने फोटो पाठवला.