चर्चा: कमी वजनाच्या बाळाशेजारी आईची खाट का नसावी?

पेठेतली आत्या

गेल्या श्रावणात माझ्या भाचीला तेहतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली आणि तिचे वजन 1640 ग्रॅम भरले. रुग्णालय पुण्यातलेच होते. नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते त्या एका इमारतीपुरते नाही. बाळ दुसऱ्या मजल्यावर नवजात कक्षात आणि बाळंतीण चौथ्या मजल्यावर, अशी नऊ दिवस ताटातूट होती. भेटीला सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मिळे. मधल्या वेळात भाची स्टीलच्या वाटीत दूध पिळून द्यायची. पहिल्या दिवशी जेमतेम चमचाभर चीक निघाला, पुढे वीस-पंचवीस मिलिलिटरपर्यंत मजल गेली, आणि ती वाटी झाकून जिना उतरण्याचे काम माझ्याकडे होते. तिसऱ्या दिवशी वाटीवर वेळ लिहायची राहिली म्हणून ते दूध दारातूनच परत आले आणि त्या वेळी बाळाला डब्यातली पावडर पाजली गेली. वेळ लिहिण्याचा नियम योग्यच आहे. प्रश्न असा आहे की आई आणि बाळ यांच्यामध्ये दोन मजले आणि एक आत्या हवी कशाला?

आपल्याकडे कमी वजनाचे बाळ म्हटले की आधी बाळाला उबेत ठेवणारी काचेची पेटी (इन्क्युबेटर) आठवते. देणगीदारालाही पेटीच द्यायची असते, कारण तिच्यावर नावाची पट्टी लावता येते. आईच्या खाटेवर पट्टी कोण लावणार? वास्तविक 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली, आणि तीच कांगारू मदर केअर आज गरिबांची तडजोड न राहता जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस झाली आहे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांतली तीन हजारांहून अधिक बाळे होती. बाळ स्थिर झाल्यावर कांगारू पद्धत सुरू करायची ही जुनी रीत आणि जन्मल्याबरोबर सुरू करायची ही नवी रीत, यांची त्यात तुलना झाली. जुन्या रीतीत 28 दिवसांत 15.7 टक्के बाळे दगावली, नव्या रीतीत 12 टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. आपल्याकडचे केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते, म्हणजे गर्दी आणि तुटपुंजी साधने यांची सबब तिथेही लागू पडली असती.

म्हणून माझे म्हणणे असे की नवजात कक्ष बांधायचा किंवा वाढवायचा असेल, तर पहिला पैसा कक्षातल्या आईच्या खाटेवर खर्च व्हावा आणि यंत्रांची यादी त्यानंतर निघावी. ज्यांना हे पटत नाही त्यांनी अवश्य लिहावे.

रात्रपाळी

मला पटत नाही, आणि मी बारा वर्षे नवजात कक्षात परिचारिका म्हणून काम करते आहे. आत्या, आपण वाटी घेऊन जिना उतरलात; आम्ही त्या दाराच्या आतल्या बाजूला उभ्या असतो.

आईची खाट म्हणजे लोखंडी पलंग आणि गादी एवढेच नसते. तिच्यासाठी संडास आणि न्हाणी लागते, वेळेवर जेवण लागते, सिझेरियन झाले असेल तर टाके पाहणारे आणि रक्तदाब मोजणारे माणूस लागते. प्रसूती विभाग म्हणतो की बाई तुमच्या कक्षात आहे, आम्ही म्हणतो की बाई तुमची रुग्ण आहे, आणि तिला ताप आला तर त्याची जबाबदारी कोणाची, हे ठरवण्यातच एक पाळी निघून जाते. शिरूर किंवा वेल्ह्याहून आलेल्या बाईचे घरी अडीच वर्षांचे मूल असते आणि नवऱ्याचा रोज बुडत असतो. अशी बाई दहाव्या दिवशी म्हणते की ताई, मला सोडा. तिला बाळाची माया नाही असे समजू नका.

हिशेबही पाहा. माझ्या पाळीत बहुतेक रात्री अठरा बाळे आणि आम्ही दोघी असतो. दर दोन तासांनी पाजायचे म्हटले तर बारा तासांत 108 पाजणी होतात. एकेका पाजणीला पाचच मिनिटे धरली तरी नऊ तास झाले, म्हणजे प्रत्येकीचे साडेचार तास केवळ दुधात गेले. सलाईन, औषधे, तापमान, एखाद्या बाळाचा अचानक थांबलेला श्वास आणि नोंदवह्या उरलेल्या वेळात बसवायच्या असतात. त्यात अठरा आया आत आल्या तर आम्ही बाळे पाहायची की आया? मला पहिला पैसा तिसऱ्या परिचारिकेवर खर्च झालेला हवा आहे.

नवजात कक्षातला

मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि माझा कौल बराचसा आत्यांकडे आहे, पण त्यांच्या मांडणीतली एक जागा दुरुस्त करतो. त्या चाचणीत 1000 ते 1799 ग्रॅम वजनाची बाळे होती आणि ज्यांना जन्मानंतर स्वतःहून श्वास घेता येत नव्हता ती वगळली होती. शिवाय त्या कक्षांमध्ये ऑक्सिजन, सीपॅप (नाकावाटे दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणारे यंत्र) आणि रक्तातली साखर तपासण्याची सोय होती. आईची छाती यंत्राच्या जागी आली नव्हती, यंत्र आईच्या खाटेपर्यंत आले होते. तेव्हा ‘आधी खाट, मग यंत्रे’ असा क्रम लावलात तर 900 ग्रॅमचे बाळ मध्येच अडकेल.

आता रात्रपाळी यांच्या हिशेबाकडे वळतो, कारण मला तो त्यांच्याच विरुद्ध जाणारा वाटतो. 108 पाजणींचा भार दोघींवर पडतो तो आया चौथ्या मजल्यावर असतात म्हणूनच. चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ जमू लागतो; तोवर बाळाला नळीने किंवा वाटीने पाजावे लागते. नळी घालणे आणि ती जठरातच आहे याची खात्री करणे हे परिचारिकेचे काम आहे. त्यानंतर सिरिंज उंच धरून दूध आपल्या वजनाने हळूहळू उतरू देणे ही गोष्ट आई दोन दिवसांत शिकते. चाचणीतली नव्या रीतीची बाळे दिवसाला सरासरी सतरा तास अंगाशी होती, जुन्या रीतीची सुमारे दीड तास. बाळाच्या अंगाला हात लावण्यासाठी परिचारिकेला जे दहा वेळा यावे लागते त्यातल्या किती फेऱ्या वाचतील याचा विचार करावा. अंगाचे तापमान घसरण्याचे प्रमाणही नव्या रीतीत कमी होते, आणि ज्या जंतुसंसर्गाच्या भीतीने आपण दार लावून घेतो त्या संशयित संसर्गाचे प्रमाण वाढले नाही, उलट घटले.

आणखी एक गोष्ट या चर्चेत हरवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, ज्यांचे वजन झाले अशा बाळांपैकी सुमारे 18 टक्के बाळे अडीच किलोच्या आत होती. त्यातली बहुसंख्य दोन ते अडीच किलोंची असतात; त्यांना कक्षही लागत नाही आणि पेटीही लागत नाही. ऊब, अंगावरचे दूध आणि घरी येऊन पाहणारे शिकलेले माणूस एवढे पुरते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत आरोग्यदूत महिलांकरवी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली, आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटलेले दिसले. उगाच भरती केलेले सव्वादोन किलोंचे बाळ 1200 ग्रॅमच्या बाळाच्या वाट्याची परिचारिका घेते, हेही आपण मान्य केले पाहिजे.

जुळ्यांचा बाबा

या चर्चेत सगळे जण ‘आई, आई’ म्हणत आहेत, आणि ज्या आईला शुद्धच नाही तिच्याविषयी कोणी बोलत नाही. आमची जुळी एकतिसाव्या आठवड्यात झाली. 1350 आणि 1480 ग्रॅम. बायकोचा रक्तदाब इतका वाढला की ती चार दिवस अतिदक्षता विभागात होती. इतर आयांनी दिलेले दूध साठवणाऱ्या दुग्धपेढीतले दूध पहिल्या दिवशी मिळाले, दुसऱ्या दिवशी साठा संपला. तेव्हा पावडर आली, आणि ती आली नसती तर काय झाले असते याचा विचार मी आजही करत नाही. दोन्ही मुले आता शाळेत जातात.

आत्या, आपण ‘डब्यातली पावडर’ असे ज्या सुरात लिहिले आहे तो सूर माझ्या बायकोने सहा महिने ऐकला आहे. वॉर्डातल्या बायकांपासून घरच्या मोठ्यांपर्यंत प्रत्येकाने तिला विचारले की पान्हा का फुटला नाही. पावडरीवर मुलांचे वजन चांगले वाढले, हेही मी वहीत ग्रॅमनिशी लिहून ठेवले आहे. उपाशी बाळापुढे तत्त्वे वाचू नयेत.

नवजात कक्षातला

बाबा, त्या चार दिवसांत आपल्या डॉक्टरांनी केले ते बरोबरच केले. क्रम असा आहे: आधी स्वतःच्या आईचे दूध, दीड किलोच्या आतल्या बाळाला ते मिळत नसेल तर दुग्धपेढीचे पाश्चरीकृत, म्हणजे तापवून जंतू मारलेले दूध, आणि तेही नसेल तर पावडर. उपाशी ठेवणे या क्रमात कुठेही बसत नाही.

वजनाबद्दल आपली वही खोटी नाही. अशा बाळांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हाही, दात्या मातांच्या दुधापेक्षा पावडरीवर रुग्णालयातले वजन वेगाने वाढते असेच दिसले. त्याच आढाव्यात आतड्याला सूज येऊन त्याचा भाग मरण्याचा जो आजार आहे, त्याचा धोका पावडरीवर जवळजवळ दुप्पट दिसला. वजनाची घाई का नसावी याचे आणखी एक कारण आपल्याच गावात सापडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे मोजली तेव्हा सरासरी वजन 2.7 किलो भरले, तर इंग्लंडमधल्या बाळांचे 3.5 किलो, तरीही आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून होती. हा निष्कर्ष थेट पावडरीबद्दल नाही आणि तो पूर्ण दिवसांच्या बाळांचा आहे, त्यामुळे मी त्याला ताणत नाही. पण काट्यावरचा आकडा वाढला म्हणजे बाळ सुदृढ झाले, ही आपली समजूत त्याने नक्की हलते.

खरा दोष साठा संपण्यात आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली दुग्धपेढी सुरू केली. पुण्यातही ससूनसह काही रुग्णालयांत पेढ्या आहेत. 62.5 अंशांवर तीस मिनिटे दूध तापवणारे यंत्र मिळते. दूध देणारी आई मात्र विकत आणता येत नाही.

दोन नातवंडांची आजी

यंत्रांमधले मला कळत नाही, पण बाळाला दूध पाजायच्या ज्या चोचीच्या वाटीला रुग्णालयात पलाडाई म्हणतात ते आमच्या घरातले बोंडले आहे. चांदीचे होते, आता कपाटात आहे. बाटलीपेक्षा ते उकळायला सोपे, एवढेच सांगायचे होते. आणि कांगारू करायला आजीही चालते ना? माझी छाती काही थंड पडलेली नाही.

रात्रपाळी

चालते, आजी. बाबाही चालतात. नखे कापून आणि हात कोपरापर्यंत धुऊन या.

पेठेतली आत्या

जुळ्यांच्या बाबांची मी माफी मागते. तो सूर माझ्या रागाचा होता आणि तो चुकीच्या दारावर जाऊन आदळला. तरीही एक सांगावेसे वाटते. बाळांच्या पावडरीच्या दुधाविषयीचा 1992 चा कायदा पावडर देण्यावर बंदी घालत नाही, तिच्या जाहिरातीवर आणि फुकट नमुन्यांवर घालतो, आणि तो फरक राखला जावा. आपल्या मुलांना पावडर मिळाली ती आई बेशुद्ध होती म्हणून. माझ्या भाचीच्या मुलीला मिळाली ती वाटीवर वेळ लिहिली नव्हती म्हणून, आणि तेव्हा तिची आई दोन मजले वर जागीच होती.

डॉक्टरांची दुरुस्ती मान्य आहे. 900 ग्रॅमच्या बाळाचा सीपॅप मी माझ्या यादीतून काढत नाही. पण रात्रपाळी, आपण तिसरी परिचारिका मागता आणि मी खाट मागते, आणि दोन्ही मागण्या एकाच तिजोरीवर जाऊन धडकतात. आपल्याला एकच मिळणार असेल तर?

रात्रपाळी

तर परिचारिकाच, यात मी बदल करणार नाही. तीन जणी असतील तर आया आत घेता येतील. दोघीच असताना आया आत घेतल्या तर एखाद्या रात्री काहीतरी बिनसेल आणि दुसऱ्या दिवशी दाराला पुन्हा कुलूप लागेल, हे मी पाहिलेले आहे. सिरिंज आईच्या हातात द्यायला माझी हरकत नाही, पण तिला शिकवायला जी पंधरा मिनिटे लागतात ती कोणाच्या पाळीतली, हे डॉक्टरांनी सांगितलेले नाही.

मात्र खाटेआधी एक स्वस्त गोष्ट होऊ शकते आणि ती मी पुढच्या बैठकीत मागणार आहे. प्रत्येक दोन बाळांमागे एक मागे रेलणारी, हात असलेली खुर्ची आणि पुढून उघडणारे सुती गाऊन हवेत. खुर्चीवर आई चार-पाच तास बसू शकते, रात्री वर झोपायला जाऊ शकते, आणि तिच्या टाक्यांची जबाबदारी प्रसूती विभागाकडेच राहते. आमच्या कक्षात अशा नऊ खुर्च्या मावतात. मी काल टेप घेऊन मोजले आहे.

पेठेतली आत्या

एका खुर्चीचे पैसे मी देते. पट्टी लावू नका.